बाग कोण बघणार?

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार जूनअखेर सांगलीतल्या विश्रामबागच्या माझ्या ऑफिसात आले. सोबत वहिनी. मी विम्याचं काम करतो, यांच्या घराचा पाच लाखांचा मेडिक्लेम माझ्याकडेच आहे. भावकीतल्या कुणीतरी क्रिटिकल इलनेस, म्हणजे गंभीर आजाराची पॉलिसी काढली म्हणून दादांनाही दहा लाखांची हवी होती. वय शेहेचाळीस, हप्ता साडेआठ हजारांच्या आसपास बसत होता. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, म्हणून एवढ्यात तरी भागत होतं.

दादा सहीला पेन शोधत होते. वहिनींनी चष्मा लावून माहितीपत्रक पुढं ओढलं.

"मेडिक्लेम आहे की. मग हे कशाला?"

मी सांगितलं, मेडिक्लेम मिरजेच्या दवाखान्याचं बिल भागवतो. यात बिलाचा संबंध नाही. यादीतला आजार ठरला की ठरलेली रक्कम एकदम हातात येते, मग ती औषधाला वापरा नाहीतर सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याला.

"कुठलाबी आजार?"

इथंच खरी गोम असते, आणि आमच्या धंद्यात पुष्कळ जण इथंच घाईनं पान उलटतात. मी एकेक वाचून दाखवलं. कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा, जागेवरच असलेला नाही. हार्ट अटॅक, पण ईसीजी आणि रक्ततपासणीत सिद्ध झालेला. अटॅक न येता नुसती अँजिओप्लास्टी झाली तर पैसे नाहीत. छाती उघडून बायपास केली तर आहेत. दोन्ही किडन्या कायमच्या निकामी होऊन डायलिसिस लागलं तर आहेत.

"आमच्या दिराला लकवा मारला होता. महिन्यात चालायला लागले. त्यांना मिळाले असते?"

"नाही वहिनी. तीन महिन्यांनंतरही व्यंग राहिलं तरच."

दादा हसले, "म्हणजे बरं व्हायचं नाही!"

वर निदानानंतर काही दिवस, बऱ्याच पॉलिसींत तीस, माणूस जगावा लागतो. हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

मला वाटलं, आता उठणार. वहिनींनी पिशवीतून मजुरांच्या हजेरीची वही काढली. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की पोंगा, म्हणजे कोवळा कोंब फुटल्यापासून फुलोऱ्यापर्यंत डावण्या या बुरशीच्या रोगाचा धोका. पाऊस लागला तर फवारणी एक दिवसही चुकवून चालत नाही. कुठलं औषध कधी मारायचं हे दादांच्या डोक्यात, वहीत नाही. त्या दिवसांत ते दोन महिने झोपून राहिले तर माल जातो, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. वहिनींनी मजुरी, औषधं, हप्ता आणि पोराची कॉलेजची फी मांडली. बेरीज दहा लाखांच्या आतच आली.

"घ्यायची," त्या म्हणाल्या. "पण आधी मेडिक्लेम पाचाचा दहा करा. बिलातच घर गेलं तर ह्याचा काय उपयोग?"

हिशेब बरोबर होता. दोघे नोकरदार असते, पगारी रजा असती, कर्ज नसतं, तर मीही मेडिक्लेमच वाढवा म्हणालो असतो. इथं सगळं एका माणसाच्या अंगावर उभं होतं.

फॉर्म भरताना मधुमेहाचा रकाना आला. दादा खालच्या आवाजात म्हणाले, "ते राहू द्या. गोळी अर्धीच आहे."

"लिहा," वहिनी म्हणाल्या. "अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री. दोन वर्षं झाली."

दादा खिडकीतून रस्ता बघू लागले. मी लिहिलं. लपवलेली शुगर दवाखान्याच्या कागदात सापडतेच, आणि मग क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

निघताना वहिनींनी विचारलं, "पैसे लागू कधीपासून?"

"पॉलिसी चालू झाल्यापासून नव्वद दिवसांनी. फॉर्म भरल्यापासून नाही."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे छाटणीच्या आत बसवायचं तर उद्याच रक्त द्यायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दादा उपाशीपोटी लॅबमध्ये हजर होते. शुगरमुळं कंपनी हप्ता वाढवणार की नाकारणार, ते अजून कळलेलं नाही. मेडिक्लेम वाढवायचा अर्ज मात्र त्याच दिवशी गेला.