स्टार ट्रेक चित्रीकरणाच्या क्रमाने : पहिले पर्व पूर्ण

गेल्या रविवारी मूळ स्टार ट्रेक या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्या पर्वाचा एकोणतिसावा भाग पाहून झाला. आरंभी पाहिलेला ‘द केज’ हा नमुना भाग, म्हणजे मालिका मंजूर होण्याआधी चाचणीसाठी केलेला पायलट, धरला, तर तीस. ही मालिका मी यापूर्वी अनेकदा पाहिली आहे. परंतु प्रसारणाचा क्रम बाजूला ठेवून, भाग ज्या क्रमाने चित्रित झाले त्या क्रमाने पाहण्याची ही पहिलीच खेप. रविवारी सकाळी एकच भाग, तोही १९६६ सालच्या मूळ दृश्यपरिणामांसह, असा नेम ठेवला आहे. २००६ पासून संगणकावर नव्याने केलेली अंतराळदृश्ये देखणी असली, तरी मूळ कारागिरांचा हात मला पाहायचा होता.

रविवार सकाळ निवडण्याचे कारण जुने आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका रविवारी सकाळी लागत असे. सांगलीच्या गावभागात शेजारच्या काकांकडे सरकत्या शटरचा कृष्णधवल टीव्ही होता आणि चित्राला मुंग्या आल्या की कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा. त्यामुळे माझ्या मनातील एंटरप्राइज हे मालिकेतील अंतराळयान कित्येक वर्षे करड्या रंगाचेच होते. यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी अधिकारी स्पॉक यांचे सदरे वेगवेगळ्या रंगांचे आहेत, हे मला फार उशिरा कळले.

म्हणूनच या खेपेस मी गणवेशांकडे विशेष लक्ष दिले. दुसऱ्या नमुना भागात स्पॉक चक्क सोनेरी सदऱ्यात आहे आणि लाल रंगाचा अद्याप पत्ताच नाही. त्यानंतर चित्रित झालेल्या ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’मध्ये नवे गणवेश येतात, मात्र यानावरील संदेशवहन अधिकारी उहुरा तेथे सोनेरी पोशाखात बसलेली दिसते आणि थोड्याच भागांत ती कायमची लाल पोशाखात येते. प्रसारणात हा भाग दहावा लागल्याने प्रेक्षकांना ती आधी लाल, मग सोनेरी आणि पुन्हा लाल अशी दिसली असणार. चित्रीकरणाच्या क्रमात हा गोंधळ उरत नाही. आपले जग कसे दिसावे, हे ठरवत असलेली माणसे डोळ्यांसमोर येतात.

‘द एनिमी विदिन’ पाहताना भाची शेजारी होती. तिने विचारले, “मामा, याचा शर्ट पिवळा होता ना? मग आता हिरवा कसा?” प्रश्न अगदी नेमका आहे. कर्कचा नेहमीचा सदराही मुळात कच्च्या कैरीच्या जवळ जाणाऱ्या हिरव्या रंगाचाच होता. ते कापड स्टुडिओच्या दिव्यांखाली आणि फिल्मवर हळदीसारखे पिवळे उमटत असे. समोरून आडवा गुंडाळलेला दुसरा सदरा वेगळ्या कापडाचा असल्याने त्याचा हिरवेपणा तसाच टिपला गेला. तिने डिस्क थांबवून दोन्ही सदरे पुन्हा निरखून पाहिले, याचा मला मनापासून आनंद झाला.

याच भागावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. माणसांना क्षणात यानातून ग्रहावर पोहोचवणारे ट्रान्सपोर्टर यंत्र बिघडल्याने यानाचा चालक सुलू आणि त्याचे सहकारी गोठणाऱ्या ग्रहावर अडकतात, तेव्हा त्यांना आणण्यासाठी छोटे यान का पाठवले जात नाही? मीही पूर्वी याला कथेतील चूक समजत होतो. वास्तविक तोपर्यंत मालिकेकडे छोटे यानच नव्हते. ‘द गॅलिलिओ सेव्हन’ हा भाग बऱ्याच नंतर चित्रित झाला. मुळात दर आठवड्याला अवाढव्य यान ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणूनच ट्रान्सपोर्टरची कल्पना निघाली होती. त्यामुळे या भागाला दोष द्यावा असे मला आता मुळीच वाटत नाही.

सर्वाधिक वेळ मी ‘द डेव्हिल इन द डार्क’वर घालवला, नेम मोडून तो दोनदा पाहिला. खाणीच्या खालच्या बोगद्यांत कामगार मारले जातात आणि शोध घेता घेता ती हत्यारी हॉर्टा ही सिलिकॉनवर आधारलेली जीव असून आपली अंडी फोडणाऱ्यांपासून पिल्लांचे रक्षण करणारी आई आहे, हे उलगडते. लहानपणी ही गोष्ट मला फार जवळची वाटली होती, कारण हरिपूरला हळदीची पेवे मी पाहिली होती : वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि खाली अंधारात रुंद होत गेलेले पोट. हॉर्टा अशाच एखाद्या पेवात राहत असेल, असे मी तेव्हा धरून चाललो होतो.

काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ती केवळ सरपटणारा गोळा दिसत असे. आता तिच्या पाठीवरचा तांबूस-नारिंगी खडबडीतपणा आणि कडेची झालरही दिसते. यानोश प्रोहास्का यांनी तो पोशाख स्वतः तयार केला होता आणि त्यात शिरून जमिनीवर रांगत ते ही भूमिका करत. स्पॉक तिच्या मनाशी जोडला जाऊन वेदनेने ओरडतो, तेव्हा रांगणाऱ्या माणसाचा विसर पडतो. पुढे यानाचा डॉक्टर मॅकॉय तिच्या जखमेत काँक्रीट भरतो आणि तळव्यांना लागलेला लगदा हातांवरून झटकत, काम साधल्याच्या समाधानाने वर पाहतो. मॅकॉयची भूमिका करणाऱ्या डीफॉरेस्ट केली यांचा तो चेहरा मला संपूर्ण पर्वात सर्वांत प्रिय आहे.

येत्या रविवारी दुसरे पर्व. प्रसारणात ते ‘अमोक टाइम’ने सुरू झाले होते, चित्रीकरणात पहिला क्रमांक ‘कॅट्सपॉ’चा असल्याने मी तेथूनच आरंभ करीन. दुसऱ्या पर्वात नव्याने आलेल्या चेकॉव्ह या पात्राचे चित्रीकरणही त्याच भागापासून सुरू होते आणि ती भूमिका करणाऱ्या वॉल्टर कोनिग यांचे स्वतःचे केस वाढेपर्यंत त्यांनी घातलेला केसांचा टोप किती भाग टिकतो, याची नोंद ठेवण्यासाठी वहीत एक रकाना आखून ठेवला आहे.