निंबावरच्या कोंबड्या

डिसेंबरचा पहिला आठवडा

सूर्य साडेपाचलाच बुडतो आहे. जूनमध्ये इकडे नागपूर-वर्ध्याकडे हाच सातपर्यंत रेंगाळतो. म्हणजे कोंबड्यांची झोपायची वेळ वर्षभरात दीड तासाने मागेपुढे होते. घड्याळ बघून त्यांना खुराड्यात हाकायला जाणाऱ्याची फजिती इथूनच सुरू होते. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, म्हणून उजेड असतानाच ती जागा धरते, आणि जागा तिला उंच लागते. निंबाची फांदी, कोठ्याचा वासा, उभी करून ठेवलेली बैलबंडी यांतलं काहीही खुराड्यापेक्षा उंच दिसलं की ती तिकडे जाणार. त्यात हट्ट कसला? जमिनीवर मांजर फिरतं हे तिच्या रक्तातच आहे.

म्हणून आधी खुराड्यातली बसायची दांडी बघावी, मग कोंबडीला नावं ठेवावी. लोखंडी पाइप नको, पाय घसरतो आणि थंडीत गारठतो. दीड-दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी घ्यावी, वरच्या कडा रंधा मारून गोल कराव्या. गावठीला ८ इंच जागा, गिरिराज-वनराजासारख्या सुधारित जातीच्या जड पक्ष्याला १० इंच. गावठी ३ फुटांवर सहज चढते. जड पक्ष्यांची दांडी दीड-दोन फुटांवरच बरी, नाहीतर उतरताना आदळून तळपाय सुजतात. भिंतीपासून फूटभर अंतर सोडावं. शिडीसारख्या खालीवर दांड्या लावणारे पुष्कळ आहेत, पण मग वरच्या दांडीसाठी रोज सांजेला टोचाटोची होते आणि खालच्यांच्या पाठीवर वरच्यांची शीट. सगळ्या एका उंचीवर ठेवल्या की भांडण निम्मं मिटतं.

अंड्यांची खोकी दांडीपेक्षा खाली हवीत. वर असली की कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी शीटेने माखलेली मिळतात. बहुतेक अंडी दुपारपर्यंत घालून होतात, तेव्हा चारनंतर खोक्यांवर पोतं टाकलं तरी चालतं.

नव्या कोंबड्यांना सात दिवस खुराड्यात आणि त्याला लागून केलेल्या जाळीच्या आवारात कोंडावं. दाणापाणी तिथेच. उन्हाळ्यात मात्र नुसत्या टिनाखाली दिवसभर कोंडलं तर मरतील. हे काम थंडीत करावं. आठव्या दिवशी सूर्यास्ताच्या तासभर आधीच सोडावं, म्हणजे लांब जायला वेळच उरत नाही. रोज त्याच डब्यात ज्वारी खुळखुळवायची, कोंबडीमागे एक छोटी मूठ, आणि टाकायची आतच. कोंबडा आत शिरला की बाकीच्या मागे येतात.

निंबावर बसणाऱ्यांना हुसकवून उपयोग नसतो, त्या आणखी वर जातात. पूर्ण अंधार पडल्यावर, बॅटरी खाली धरून, दोन्ही पंख दाबून उचलावं आणि पायाला दांडी लागेल असं ठेवावं. आठ-दहा रात्री लागतात. एक रात्र कंटाळा केला की मोजणी पुन्हा एकपासून. झाडाजवळ रस्त्याचा दिवा असेल तर आणखी त्रास, कारण तिच्या लेखी अजून दिवस मावळलेला नसतो. उलट खुराड्यात मिणमिणता दिवा लावला तर ती आत ओढली जाते. पण सगळ्या दांडीवर बसेपर्यंत तो विझवू नये. मध्येच लाइट गेली की उरलेल्या जमिनीवरच बसून राहतात.

सहा महिने आत झोपणारी कोंबडी एकाएकी बाहेर झोपू लागली, तर मात्र तिला शिकवत बसू नये. रात्री नऊला बॅटरी घेऊन खुराड्यात जावं आणि दांडीची खालची बाजू, टोकं, सांधे, भिंतीच्या भेगा बघाव्या. पांढरं फडकं दांडीखालून फिरवलं आणि रक्ताचे डाग आले, तर कारण सापडलं. गोचीड आणि बारीक लाल किडे दिवसा भेगेत दडतात, रात्री रक्त पितात. म्हणून दिवसा खुराडं स्वच्छच दिसतं. कोंबड्या काढून खुराडं महिनाभर रिकामं ठेवणं व्यर्थ, गोचीड कित्येक महिने उपाशी काढते. दांड्या खिळ्यांनी ठोकू नयेत, खाचेत बसवाव्या, म्हणजे काढून उकळतं पाणी ओतता येतं. भेगा चुना-मातीने बुजवाव्या. किड्यांच्या अंड्यांतून नवे किडे निघतात, त्यामुळे आठवड्याने हेच पुन्हा. औषध पशुवैद्यकाला विचारूनच. जास्त कडक फवारलं तर कोंबडीच आधी जाते.

कीड नसेल तर नाक लावावं. डोळे चुरचुरले तर खालचा भुसा ओला आहे आणि वर झरोका नाही. झरोका दांडीच्या वर, समोरासमोरच्या भिंतींत हवा. त्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, नाहीतर साप आत. मे महिन्यात टिन रात्री दहापर्यंत तापलेलं असतं. वर तुराट्यांचा जाड थर टाकल्याशिवाय कोणती कोंबडी आत थांबेल? कवेलूचं छप्पर असेल तर हा प्रश्नच कमी.

पिल्लंवाली जमिनीवरच बसते. तिचं डालं खुराड्याच्या आत ठेवावं, शेजारी अर्ध्या फुटावर एक काठी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लं आपोआप काठीवर चढू लागतात, आणि त्यांना निंब ठाऊकच होत नाही.