अंदाजे तीनशे मिली

डॉक्टर मॅडमना फोनवर मी "ब्लीडिंग अंदाजे तीनशे मिली" असं सांगितलं होतं. पहाटे वजन केलं, तर ते सहाशे चाळीस भरलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली रात्रपाळी, मी एकटी सिस्टर आणि एक मावशी. तिसरी खेप, हिमोग्लोबिन 8.2. रात्री 2:10 ला बाळ झालं आणि लगेच रडलं. पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही याची खात्री केली आणि पहिल्या मिनिटातच मांडीत ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळायचं औषध, 10 युनिट दिलं. बाळाला पुसून आईच्या छातीवर ठेवलं, टोपी घातली. नाळेतले ठोके थांबल्यावर ती कापली. सातव्या मिनिटाला वार पडली. ती पालथी-उताणी करून पाहिली. तुकडे पूर्ण, पडदेही पूर्ण. टाका लागला नाही. गर्भपिशवी नारळासारखी घट्ट, नाडी 88, बीपी 110/70.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पिशवी, पॅड, नाडी आणि बीपी बघायचं असतं. 2:25 ला बघितलं. 2:40 ची तपासणी 2:50 ला झाली, कारण मधल्या वेळात मी बाळाचं वजन, व्हिटॅमिन के 1 मिलिग्रॅम आणि कागद यांत होते. एका बाळंतपणाची नोंद किती ठिकाणी करायची, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एक रात्र एकट्याने लेबर रूम सांभाळावी.

2:50 ला पिशवी हाताला लागेचना. लागली तेव्हा नाभीच्या वर, उजवीकडे सरकलेली आणि कणकेसारखी मऊ. मूत्राशय तुंबल्याशिवाय ती सहसा अशी सरकत नाही. चोळल्यावर गुठळ्या पडल्या आणि मागोमाग बारीक धार. पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव, म्हटलं की नळ सोडल्यासारखं रक्त, असं लोकांना वाटतं. ही धार तशी नव्हती. पॅड बदललं की दहा मिनिटं बरं दिसायचं, एवढंच.

मावशींना एक हात पोटावर ठेवून चोळत राहायला लावलं आणि मी लघवीसाठी कॅथेटर (नळी) घातला. साडेचारशे मिली लघवी निघाली. प्रसूतीनंतर लघवी झाली का, हे मी विचारलं होतं. सासूबाई "हो" म्हणाल्या होत्या. विचारायचं बाळंतिणीला असतं, सासूला नाही. दोन्ही हातांना हिरवे, 18 नंबरचे इंट्राकॅथ (सलाईनच्या सुया) लावले. एकात 500 मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) आणि त्यात 20 युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे पाच-पाच युनिटच्या चार अँप्युल, मिनिटाला साठ थेंब. या चारही अँप्युल फ्रीजमधून काढल्या. मांडीत दिलेलं इंजेक्शन मात्र सकाळपासून ट्रेमध्ये पडलेल्या अँप्युलचं होतं, आणि महिना मे. हे औषध 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं. पहिला डोस त्यामुळे कमी पडला की नुसत्या मूत्राशयामुळे घोळ झाला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. दुसऱ्या लाइनमधून रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत, सावकाश. घाईने ढकललं की बीपी खाली येतं. बाळ या सगळ्यात छातीवरच होतं आणि चोखत होतं. चोखण्याने पिशवी आवळते, म्हणून उचललं नाही.

नाडी 112, बीपी 100/60. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्यापुढे गेला की शरीर कोसळायच्या वाटेवर असतं. तिथेच मला कळायला हवं होतं की तीनशेवर हे होत नाही. मॅडम 3:05 ला आल्या, तोवर पिशवी घट्ट झाली होती. हिमोग्लोबिन आधीच कमी, म्हणून तरीही 108 बोलावून उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथे दोन बाटल्या रक्त चढवलं. बाई सुखरूप आहे.

मग वजन. बाळाच्या काट्यावर प्लॅस्टिक अंथरून सहा भिजलेली पॅड ठेवली, 530 ग्रॅम. कोरडं पॅड 35 ग्रॅम, सहांचे 210 वजा. उरले 320. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. म्हणजे माझा अंदाज पॅडपुरता बरोबरच होता! बाकीचं रक्त गेलं होतं घरच्यांनी आणलेल्या जुन्या साडीत. गर्भजल पुसलेलं कापड मी आधीच काढलं होतं. त्यानंतर मऊ म्हणून कंबरेखाली सारलेला सुती साडीचा अर्धा तुकडा. गडद रंगाचा, वरून ओलसर फक्त. भिजलेला 560, घरच्यांच्या सामानातला त्याच साडीचा कोरडा अर्धा भाग 240. पुन्हा 320.

रजिस्टरमधला 300 खोडून 640 लिहिला आणि सही केली. त्यानंतर आम्ही प्रत्येक बाळंतपणाला वजन करतो. मासिक बैठकीत विचारणा झाली, "तुमच्याकडे पीपीएच अचानक वाढलेत का?" पूर्वीच्या रकान्यांत ओळीने 150, 200, 150 आहे. एवढी सारखी रक्तं कुणाची जात नाहीत, पण त्या आकड्यांवर कधी कुणी प्रश्न विचारला नव्हता.

घरचं कापड आता कंबरेखाली घेत नाही, बाळ गुंडाळायला चालतं. काट्यामागच्या भिंतीवर "कोरडं पॅड 35" अशी चिठ्ठी लावली होती. गेल्या आठवड्यात पॅडचा नवा गठ्ठा आला, ती 28 ग्रॅमची निघाली. चिठ्ठी बदलली.