जुन्या ट्रकची जोडी: पिव्हट कप, बुशिंग आणि अडीच सुताचे आटे

एप्रिलच्या सुरुवातीला एका ओळखीच्या स्केटरकडून स्केटबोर्डच्या ट्रकची, म्हणजे डेकखाली (उभे राहायच्या फळीखाली) बसून चाके धरणाऱ्या धातूच्या सांगाड्यांची, एक वापरलेली जोडी घेतली आणि ती नव्या डेकवर चढवण्यापूर्वी पूर्ण उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलून घ्यायचे ठरवले. हँगरची, म्हणजे अ‍ॅक्सल ज्यात बसतो त्या आडव्या भागाची, रुंदी १४९ मिलिमीटर आणि अ‍ॅक्सलची एकूण लांबी साडेआठ इंचांच्या जवळपास असल्यामुळे ती माझ्या साडेआठ इंची डेकला नेमकी जुळते. या कामात आजवर काय झाले आणि काय राहिले, ते येथे नोंदवत आहे. नागपुरात ट्रकचे धातूचे भाग सहसा वर्षानुवर्षे टिकतात. जातात ते युरेथेनचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) भाग आणि आटे. त्यांची काळजी घेण्याची पद्धतही इथले ऊन, इथली धूळ आणि इथले सिमेंटचे रस्ते पाहूनच ठरवावी लागते, असे माझे मत या जोडीने अधिकच पक्के केले.

उघडण्यापूर्वी दोन तपासण्या केल्या. पहिली म्हणजे बेसप्लेट (ट्रकचा डेकला स्क्रूने बसणारा पाया) एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने हँगर पुढे-मागे हलवून पाहणे. पुढच्या ट्रकमधून ‘खट्’ असा बारीक पण स्पष्ट आवाज आला, म्हणजे पिव्हट कप, अर्थात हँगरचे नाक ज्यात टेकते ती बेसप्लेटमधली युरेथेनची वाटी, झिजलेला होता. दुसरी तपासणी अ‍ॅक्सलची: चाके काढून दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या अ‍ॅक्सलची लांबी मोजली. मागच्या ट्रकमध्ये एका बाजूचे टोक दुसरीपेक्षा थोडे जास्त बाहेर होते. अ‍ॅक्सल हँगरमध्ये सरकलेला होता. त्याचे पुढे येईलच.

किंगपिनचा (हँगर बेसप्लेटला धरून ठेवणाऱ्या बोल्टचा) नट सोडवून हँगर उचलल्यावर पिव्हट कपाच्या तळाशी राखाडी, किंचित चमकणारी पूड साचलेली दिसली. ही पूड म्हणजे हँगरच्या नाकाचे, अर्थात पिव्हटचे, घासून निघालेले अ‍ॅल्युमिनियम आणि रस्त्यावरची धूळ यांचे मिश्रण होते. कपाची एक कड इतकी पातळ झाली होती की तिच्यातून बेसप्लेटचा धातू दिसत होता. आपण डेकवर एका बाजूला झुकतो तेव्हा हँगर पिव्हट आणि बुशिंग (किंगपिनवरच्या युरेथेनच्या लवचीक कड्या) यांना जोडणाऱ्या तिरक्या अक्षाभोवती फिरतो आणि त्यामुळेच चाके वळतात. हा अक्ष एका टोकाला ज्या वाटीत टेकतो ती वाटीच सैल झाली, तर नवी बुशिंग घालूनही ट्रक नीट वळत नाही. तरीही बुशिंगची चर्चा भरपूर होते आणि पिव्हट कपाकडे मात्र कोणी बघत नाही. जुना कप बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडेकडून उचकून काढला, खाच कोरड्या टूथब्रशने साफ केली आणि नवा कप काही मिनिटे गरम पाण्यात ठेवून, नरम झाल्यावर अंगठ्याने दाबून बसवला.

पिव्हट चिरचिरत असेल तर त्यात तेल किंवा ग्रीस घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. नागपूरपुरते तरी मला ते पटत नाही, कारण इथल्या रस्त्यांवरची सिमेंटची धूळ तेलात मिसळली की तिची घासणारी लुकण तयार होते आणि कप आणखी लवकर झिजतो. मी अंगाच्या साबणाची कोरडी वडी किसणीवर किसून त्याचा चिमूटभर चुरा कपात घातला. मेणबत्तीचे मेण किंवा पेन्सिलच्या शिशाची पूडही तेवढेच काम करते. आवाज बंद झाला आणि धूळही चिकटत नाही.

बुशिंगवर या वेळी सर्वांत जास्त वेळ गेला. जुन्या जोडीतील डेककडची दोन्ही बुशिंग मधोमध फुगून बेढब झाली होती, तर रस्त्याकडच्या शंकूच्या आकाराच्या बुशिंगवर वाटीसारख्या वॉशरची कड रुतून गोल चीर पडली होती. एकाची चीर नखाने उघडून पाहिली तर आतले युरेथेन पिवळट आणि ठिसूळ झालेले होते; दाबल्यावर त्याचा बारीक भुगा बोटाला लागला. कपाटात दोन-तीन पावसाळे पडून राहिलेल्या बुटांचे तळवे एके दिवशी चालता चालता अचानक तुकडे होऊन गळतात, तोच हा प्रकार. काही प्रकारच्या पॉलियुरेथेनची साखळी उष्णता आणि दमट हवा यांच्यामुळे हळूहळू तुटते, आणि मग ते वापरात असो वा नसो, जायचे ते जातेच. म्हणून जुनी बुशिंग ‘अजून चांगली दिसतात’ एवढ्यावर जपून ठेवण्यात अर्थ नाही. बोर्ड गच्चीवर किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवणेही टाळावे. मी तो आता घरातल्या कोरड्या कोपऱ्यात, खिडकीपासून दूर ठेवतो.

नवी बुशिंग ९० ए कठीणपणाची घेतली. येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे हा आकडा साधारण २३ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला असतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डांबराचा किंवा सिमेंटचा रस्ता त्याहूनही तापलेला असतो; अशा वेळी ९० ए चे बुशिंग हाताला आणि पायाला त्याहून नरम जाणवते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेच बुशिंग ताठर होते. त्यामुळे उन्हाळ्यात ट्रक सैल वाटला की लगेच किंगपिनचा नट आवळायचा, ही सवय मला घातक वाटते. नट जास्त आवळला की बुशिंग बाहेरच्या बाजूला फुगते, वॉशरची कड त्यात रुतते, आणि जी चीर वर्षभराने पडली असती ती एका हंगामात पडते. मी किंगपिनचे टोक नटच्या वरच्या पातळीला येईपर्यंत नट आवळतो आणि तेथून पाव-पाव फेऱ्याने पुढे-मागे करून पाहतो. तेवढ्यात जमले नाही तर नट अधिक आवळण्याऐवजी डेककडचे बुशिंग एक पायरी कठीण घेतो, कारण जास्त दाब त्यावरच येतो. रस्त्याकडचे ९० ए आणि डेककडचे ९४ ए अशी मिश्र जोडी उन्हाळ्यासाठी उत्तम ठरली. वळणे गुळगुळीत राहिली आणि वेगात बोर्ड थरथरलाही नाही.

मग आट्यांकडे वळलो. पुढच्या ट्रकच्या अ‍ॅक्सलचे एक टोक कठड्यांवर आपटून चेपले होते आणि नट अर्ध्यावर अडकत होता. ट्रकची मापे इंचातली असतात, हे येथे फार महत्त्वाचे आहे: अ‍ॅक्सल पाच सोळांश इंचाचा आणि एका इंचात २४ आटे, किंगपिन बहुधा तीन अष्टमांश इंचाचा आणि त्यालाही २४ आटे. आपल्याकडच्या दुकानात सहज मिळणारा ८ मिलिमीटरचा नट या अ‍ॅक्सलवर एखाद-दुसरा आटा चढतो आणि मग अडकतो; तो जोर लावून फिरवला की उरलेले आटेही जातात. पाने मात्र सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) हिशेबाने मागितले की गोंधळ होत नाही. डेकच्या स्क्रूच्या नटला तीन सूत, अ‍ॅक्सलच्या नटला चार सूत आणि किंगपिनच्या नटला साडेचार सूत. किंगपिनच्या नटवर १४ मिलिमीटरचा पाना बसतच नाही, आणि १५ मिलिमीटरचा बसतो खरा, पण सैल राहतो आणि कोपरे गोल करतो.

इतवारीतल्या लोहा ओळीत नट शोधायला गेलो तेव्हा तिसऱ्या दुकानातल्या काकांनी अ‍ॅक्सल हातात घेतला, नखाने आटे चाचपले आणि म्हणाले, “हे मिलीचं माप नाही भाऊ, जीपचं आहे. अडीच सूत, बारीक आटे.” जुन्या जीपगाड्यांना अमेरिकी मापाचे बारीक आटे असल्यामुळे त्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात याच मापाचे नायलॉक नट मिळतात, हे मला तेथेच कळले. परदेशातून पाकीट मागवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त आहे. त्याच मापाची डाय, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, एका लेथवाल्याकडे मिळाली. आधी अ‍ॅक्सलच्या चेपलेल्या टोकाची कड बारीक कानसीने किंचित उतरती केली, मग तेलाचे दोन थेंब टाकून डाय सरळ धरली आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे अशी चालवली. काळपट, केसासारखा बारीक चुरा निघाला आणि नट न अडकता शेवटपर्यंत फिरू लागला. तेल येथे चालते, कारण हे धातूचे काम आहे. ते झाल्यावर रॉकेलच्या फडक्याने पुसून घेतले. युरेथेनच्या भागांना मात्र रॉकेल लावू नये; त्यांना साबणाचे पाणी पुरते.

नायलॉक नटातली नायलॉनची चकती वारंवार काढ-घाल केल्यावर पकड सोडते. नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरू लागला की तो बदलावा. जुना जपून काय करायचे? चाक बसवताना बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर घालावेत, नाहीतर नटाचा चेहरा बेअरिंगच्या झाकणावर घासतो.

मागच्या ट्रकचा सरकलेला अ‍ॅक्सल जागेवर आणण्यासाठी बाहेर आलेल्या टोकावर जुना नट चढवून, हँगर लाकडी ओंडक्यावर टेकवून, वरून हलके ठोके दिले. अ‍ॅक्सल परत आला. तो पुन्हा सरकणार नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही, परंतु प्रत्येक वेळी चाके काढली की दोन्ही बाजू मोजून घ्यायच्या, एवढे ठरवले आहे.

बोर्ड जोडताना दोन्ही ट्रकच्या किंगपिनचे नट डेकच्या मध्याकडे तोंड करून येतील अशी रचना केली. सिव्हिल लाइन्समध्ये सकाळी गर्दी नसताना चाचणी घेतली. शहरात गेल्या काही वर्षांत झालेल्या सिमेंटच्या रस्त्यांवर आडव्या रेघा आणि ठरावीक अंतरावर सांधे असतात. त्यांची थरथर थेट बेसप्लेटपर्यंत पोहोचते आणि डेकचे नट हळूहळू सैल करते. यासाठी ट्रक आणि डेक यांच्यामध्ये सुमारे तीन मिलिमीटरच्या रबरी पट्ट्या, म्हणजे रायझर, आणि सव्वा इंची स्क्रू घातले. चाके ५४ मिलिमीटरची असूनही तीव्र वळणात डेकला घासत नाहीत, हाही त्याचा फायदा.

पावसाळा सुरू झाल्यापासून बोर्ड फारसा बाहेर काढलेला नाही. एकदा चुकून ओल्या रस्त्यावरून आल्यावर नट सोडवून पाहिले तर किंगपिनच्या आट्यांवर तांबूस गंज धरू लागला होता. धातूच्या तारेच्या ब्रशने तो काढून आट्यांना अगदी पातळ ग्रीस लावले, बुशिंगला न लागू देता. हँगरवरचे ओरखडे आणि काळेपणा मात्र तसाच ठेवला आहे. त्याने ताकदीत फरक पडत नाही आणि अ‍ॅल्युमिनियम चकचकीत करण्यात वेळ घालवण्याइतकी हौस मला नाही.

मागच्या ट्रकचा किंगपिन अजून बदलायचा राहिला आहे. आट्यांच्या मुळाशी केसाएवढी एक रेघ दिसते. ती भेग असेल तर किंगपिन चालता चालता तुटून ट्रक दोन तुकड्यांत सुटू शकतो, म्हणून ती जोडी सध्या बाहेर नेत नाही. किंगपिनच्या डोक्याजवळच्या खाचा बेसप्लेटमध्ये घट्ट बसल्यामुळे हातोडीने तो निघत नाही. लेथवाल्याने बुशिंग आणि पिव्हट कप काढून नुसती बेसप्लेट आणायला सांगितली आहे, कारण प्रेसवर दाबण्याआधी ती गरम करावी लागेल.