काच धरायला प्लास्टिकची चौकट पुरेल का?

इमारतींच्या दर्शनी काचकामाशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: अ‍ॅल्युमिनियमसारखा धातू हाताशी असताना तुम्ही काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकच्या, म्हणजे जीएफआरपीच्या, चौकटी का सुचवता आणि एवढ्या जड काचा त्यांना पेलतील का? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ताकदीची शंका असते, आणि माझ्या मते तीच शंका सर्वांत कमी महत्त्वाची आहे. या पदार्थात ताकद पुरेशी असते. सांभाळावे लागते ते त्याच्या कडकपणाला आणि सांध्यांना.

आधी ‘का’चे उत्तर. साध्या एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, सुमारे 5.8 वॅट उष्णता जाते. लो-ई लेप (उष्णतेचे उत्सर्जन कमी करणारा अतिपातळ थर) आणि आर्गॉन वायू असलेल्या दुहेरी काचेत हाच आकडा 1.1 च्या आसपास येतो. काच एवढी सुधारली, पण चौकट मागे राहिली. 1.2 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच खिडकी घ्या, चौकटीची दर्शनी रुंदी 8 सेंटीमीटर धरा. काच जवळपास 1.4 चौरस मीटर भरते आणि चौकट जेमतेम 0.4. चौकट अखंड अ‍ॅल्युमिनियमची असेल आणि तिचे यू-मूल्य, म्हणजे वर सांगितलेला उष्णता जाण्याचा आकडा, 6 धरले, तर प्रत्येक अंशामागे काचेतून दीड वॅट जातो आणि त्या चिंचोळ्या चौकटीतून मात्र जवळपास अडीच. महागडी काच बसवून तिच्याभोवती असे कडे घालणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरत राहणे. शिवाय बाहेर थंडी असताना दव धरते तेही आधी चौकटीवर आणि काचेच्या कडेलाच.

कारण सरळ आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता 160 वॅट प्रति मीटर-केल्विन धरतात; जीएफआरपीची 0.3 ते 0.4, म्हणजे काही शे पटींनी कमी. अ‍ॅल्युमिनियम उद्योगाने यावर थर्मल ब्रेकचा तोडगा काढला: प्रोफाइलचे, म्हणजे चौकटीच्या लांब पट्टीचे, आतले आणि बाहेरचे असे दोन भाग करायचे आणि ते पॉलिअमाइडच्या पट्ट्यांनी जोडायचे. गंमत अशी की त्या पट्ट्यांतही साधारण चौथा हिस्सा काचतंतूच असतात. धातूच्या चौकटीत उष्णता अडवण्याचे खरे काम काचतंतूंचे प्लास्टिकच करत असेल, तर संपूर्ण चौकटच त्याची का नसावी, एवढाच पुढचा प्रश्न उरतो.

ही प्रोफाइल पल्ट्रुजन पद्धतीने तयार होतात. काचतंतूंचे लांबच लांब पेड, म्हणजे रोव्हिंग, आणि त्यांच्या जोडीला काचतंतूंच्या मॅट, म्हणजे चटया, रेझिनमध्ये भिजवून तापलेल्या डायमधून, म्हणजे साच्यातून, सतत ओढल्या जातात. रेझिन डायमध्येच पक्के होते आणि पलीकडे ठरलेल्या लांबीचे तुकडे कापले जातात. ताज्या कापलेल्या टोकाकडे नीट पाहिले तर या पदार्थाचा स्वभाव कळतो: मधोमध लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पेडांचे दाट ठिपके आणि कडेला मॅटचा पातळ थर. सगळी ताकद लांबीच्या दिशेने. आडव्या दिशेला ती बरीच कमी.

तरीही माझ्या दृष्टीने याचा सर्वांत मोठा गुण उष्णतेत नाही, तर प्रसरणात आहे. तीन मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा 50 अंश तापला की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. तेवढीच काच 1.4 मिलिमीटरपेक्षा कमी वाढते आणि जीएफआरपीची वाढही साधारण तेवढीच असते. साध्या पीव्हीसीचा आकडा दहा मिलिमीटरच्या घरात जातो. काच आणि चौकट जवळपास बरोबरीने वाढत आणि आकसत असल्यामुळे काच थेट प्रोफाइलला चिकटवता येते, आणि गोंद पुरेसा ताठ असेल तर वाऱ्याचा दाब दोघी मिळून एकाच छेदासारख्या पेलतात.

आता कडकपणा. अ‍ॅल्युमिनियमचा लवचिकता गुणांक, म्हणजे कडकपणाचे माप, 70 गिगापास्कल असतो. ईएन 13706 या युरोपीय मानकात पल्ट्रुजन प्रोफाइलच्या ई17 आणि ई23 अशा दोन प्रती आहेत. हे आकडे म्हणजेच त्यांचे किमान गिगापास्कल. चांगल्या प्रतीचे प्रोफाइलसुद्धा अ‍ॅल्युमिनियमच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच कडक असू शकते. मुलियन, म्हणजे दोन काचांमधला उभा खांब, वाऱ्याने मोडत नाही, वाकतो, आणि त्याची मापे त्या वाकण्यावरच ठरतात. रुंदी तीच ठेवली तर भरीव आयताकृती छेदाची खोली सुमारे 45 टक्के वाढवावी लागते: 100 मिलिमीटरच्या जागी 145. हे ज्याने आधी सांगितले नसेल त्याचे नाजूक रेषांचे चित्र बाजूला ठेवावे. चिकटवलेली काच यातला काही भाग भरून काढते, कारण काचेचा गुणांकही 70 गिगापास्कलच आहे. पण ते हिशेबात धरायचे तर गोंदाचे वय, ओल आणि ऊन हेही धरावे लागते. पीव्हीसीचा कडकपणा तर याच्याही एक दशांश असल्याने तिच्या पोकळीत पोलादी पट्टी घालतात आणि उष्णतेला पुन्हा वाट करून देतात.

सांध्यांबाबत मी अधिक हट्टी आहे. टोकाजवळ भोक पाडून बोल्ट घातला की पेडांमधले रेझिन लांबीच्या दिशेने चिरते आणि बोल्ट समोरचा तुकडा घेऊन बाहेर येतो. धातू अशा वेळी थोडा दबून भार वाटून घेतो, हा पदार्थ घेत नाही. म्हणून टोकापासूनचे अंतर, पोकळीत बसवलेले जोडतुकडे आणि कापलेल्या कडांना रेझिनचा लेप यांचा तपशील नकाशावर नसेल, तर काम सुरू करू नये.

हे सारे कागदावरचे नाही. 1999 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ‘आयकॅचर’ ही पाच मजली इमारत जीएफआरपीच्या सांगाड्यावर उभी राहिली आणि हा सांगाडा उष्णता वाहून नेत नसल्यामुळे तो थेट दर्शनी भिंतीतच सामावता आला.

आगीचा मुद्दा टाळता येत नाही. रेझिन जळते, धूर होतो आणि धातूच्या मानाने ते फार कमी तापमानाला मऊ पडते. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखे भरक तापल्यावर पाणी सोडून ज्वाला रोखतात, पण चाचणी सुट्या प्रोफाइलची नव्हे, काच आणि गोंदासह संपूर्ण जोडणीची मागावी. उन्हाने पृष्ठभाग झिजून तंतू उघडे पडू नयेत म्हणून वर बारीक आच्छादन आणि रंगलेप लागतो. ते नियमाने केले तर प्रश्न उरत नाही.

एका बाबतीत मात्र अ‍ॅल्युमिनियम सरस आहे. ते वितळवून पुन्हा वापरता येते. पक्के झालेले पॉलिएस्टर किंवा एपॉक्सी रेझिन वितळत नाही. आज त्याची एक वाट सिमेंटच्या भट्टीकडे जाते, जिथे रेझिन इंधन म्हणून जळते आणि तंतूंमधली सिलिका व चुना क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या गोळ्यांमध्ये, मिसळतो. त्यातच काच चिकटवलेली असेल तर ती वेगळी करणे आणखी अवघड होते. म्हणून मी काच मुलियनला थेट न चिकटवता वेगळ्या, सोडवता येणाऱ्या चौकटीला चिकटवायला सांगतो. एखादी काच फुटली तरी तेवढाच भाग उतरवून बदलता येतो.