शर्टावरचं मीठ

टोरोंटोत हॉट योगा शिकवायची नोकरी लागली, तेव्हा ती नेमकी कसली हे आईला फोनवर समजावून सांगता सांगता माझी दमछाक झाली. बंद खोली, हीटर लावलेला, तापमान 40 अंश, दमटपणा 40 टक्के, आणि त्यात तीसेक माणसं दीड तास आसनं करतात. आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पैसे देऊन घाम गाळतेत? मे महिन्यात अकोल्याले पाठव त्यायले, फुकट."

मी अकोल्याची. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकला तर कुणी वर मान करून बघत नाही. नागपुरात फिजिओथेरपी केलेली, इथल्या परवान्याची परीक्षा बाकी, तोवर पोटापाण्याला हे काम बरं असा हिशेब होता. शिवाय गरमीची मला काय भीती! पहिल्या दिवशी मागच्या रांगेत उभी राहिले आणि पंचवीस मिनिटांत मॅटवर बसले. डोळ्यांपुढे काजवे, पोटात ढवळतंय, कानांत शिट्टी. शेजारी सत्तरीच्या एक बाई, जन्म इथल्याच बर्फातला, एका पायावर निवांत उभ्या होत्या. त्या रोज यायच्या. मला अकोला सोडून दोन वर्षं झाली होती.

हे मी तेव्हा स्वतःच्या अंगावर शिकले. आणि तीन वर्षांत साफ विसरले.

विसरले ते ज्यांच्यामुळे लक्षात आलं, त्यांना मी मनातल्या मनात ड्रायव्हरकाका म्हणते. अठ्ठावन्न वर्षांचे, शहरात बस चालवणारे, पोट सुटलेले, कंबर धरलेली. दुपारची पाळी असल्यामुळे सकाळी सहाच्या वर्गाला यायचे. सप्टेंबरात पहिल्यांदा आले ते डॉक्टरांनी हालचाल वाढवा म्हटलं म्हणून, आणि आमच्याकडे पहिला महिना स्वस्त होता म्हणून.

आमचा वर्ग जुन्या बिक्रम पद्धतीचा. कलकत्त्याच्या बिश्नु घोष यांच्या आखाड्यातून आलेली 26 आसनं आणि दोन श्वसनप्रकार, कायम त्याच क्रमानं. बिक्रम चौधरींनी ती गरम खोलीत बसवून अमेरिकेत पसरवली, त्या क्रमावर मालकी सांगितली, आणि 2015 साली तिथल्या अपील कोर्टानं आसनांच्या क्रमावर कॉपीराइट चालत नाही म्हणून सांगितलं. त्याच सुमारास स्वतः गुरूंवर गंभीर आरोप झाले, बऱ्याच स्टुडिओंनी पाटीवरचं नाव बदललं. खोली मात्र तीच राहिली. शिक्षक स्वतः आसनं करत नाही, तो समोर उभा राहून फक्त बोलतो. त्या बोलण्याला आम्ही 'डायलॉग' म्हणतो. न बोलता बघत राहायला त्यात वेळ मिळतो, हा त्याचा खरा फायदा.

तर मी काकांना बघत होते. पहिले चार दिवस बिचारे अर्धा वर्ग बसूनच. चेहरा बीटासारखा, श्वास तोंडानं. सातव्या-आठव्या दिवशी बसणं कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात ते चक्क पहिल्या अर्ध्या भागात एकदाही बसले नाहीत. यात जिद्दीचा भाग होता, पण जिद्दीहून मोठं काम आत चाललेलं असतं. रोज असं तापवत राहिलं की शरीर पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढवतं. गरमीत कातडीकडे रक्त पाठवायचं, स्नायूंनाही पुरवायचं आणि डोक्यालाही कमी पडू द्यायचं नाही, अशी हृदयाची ओढाताण असते. हंड्यात पाणी वाढलं की ती सैल होते, नाडी तितकी धावत नाही. घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त सुटतो. दहा ते चौदा दिवसांत यातलं बरंचसं होऊन जातं. आठवड्यातून एकदा येणाऱ्याला हे भाग्य नाही, तो दर रविवारी नव्यानं शिजतो.

काकांना हे सगळं कळलं ते शर्टावरून. ते एकच काळा शर्ट घालायचे, म्हणजे तशाच तीन शर्टांतला एक. पहिल्या आठवड्यात वर्ग संपून शर्ट वाळला की पाठीवर पांढऱ्या रेघा उमटायच्या, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या. ते मला दाखवून म्हणायचे, "आज ग्रीनलंड आलंय." ऑक्टोबर उजाडला तसा नकाशा पुसट झाला, आणि मग गेलाच. घाम आधीपेक्षा जास्त, शर्ट पिळला तर पाण्याची धार, पण मीठ नाही. ते काळजीत पडले, की शरीरातलं मीठ संपलं की काय. उलट होतं. गरमीला सरावलेलं शरीर अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाच्या हुकमानं घामाच्या नळीतूनच मीठ परत ओढून घेतं आणि पाणी तेवढं बाहेर सोडतं. मी हे सांगितल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी त्यांच्या डेपोतल्या दोघांना घेऊन आले.

वजनाचंही त्यांनी टिपण ठेवलं होतं. वर्गाआधी आणि नंतर. आधी पाऊण-एक किलोचा फरक यायचा, नोव्हेंबरात दीड किलोपर्यंत गेला. ते पाणीच होतं, चरबी नव्हे, हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला. (कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या मोजणीत नव्वद मिनिटांच्या अशा वर्गात पुरुषांचे सरासरी 460 आणि बायकांचे 330 उष्मांक खर्च झाले होते. भरभर चालण्याएवढे. आमच्या लॉबीत ऐकू येणारे 'हजार' मी कधी खोडून काढत नाही, मालकीणबाई बघत असतात. घामातून विष निघतं वगैरेही तसंच. ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचं, पण घाम दिसतो, मूत्रपिंड दिसत नाही.)

डिसेंबरात मी काकांना पहिल्या रांगेत घेतलं. पहिली रांग सरावलेल्यांची, मागच्यांनी त्यांच्याकडे बघून शिकायचं. मान असतो तो.

मग नाताळ आला. काका मुलीकडे गेले, तिकडेच फ्लू झाला, मुक्काम लांबला. चार आठवड्यांनी, जानेवारीतल्या एका मंगळवारी पहाटे पावणेसहाला दारात उभे. बाहेर उणे 18. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. त्यांनी विचारलं, "मागे उभा राहू का आज?" आणि मी, फिजिओथेरपीची पदवी घेतलेली, अकोल्याची, मॅटवर बसलेली मी म्हणाले, "छे हो. तुमच्या अंगाला आता सगळं माहीत आहे."

पहिली पंचवीस मिनिटं ठीक. खरं तर ठीक नव्हती. दंडायमान-जानुशीर्षासनात त्यांनी आरशात बघायचं सोडलं होतं, नजर खाली. मी बघितलं आणि डायलॉग पुढे रेटला. मग विभक्तपाद पश्चिमोत्तानासन आलं. पाय फाकवून कमरेतून वाकायचं, टाचा धरायच्या, कपाळ जमिनीकडे. डोकं खाली असतं तोवर काही वाटत नाही, रक्त आपसूक तिकडे येतं. मी म्हटलं, सावकाश वर या. सगळे आले. काकाही आले. हात बाजूला घेतले, एक पाऊल मागे टाकलं आणि त्यांच्या तोंडाचा रंग गेला. बीटाचा लाल मला ओळखीचा होता. हा जुन्या पुठ्ठ्याचा रंग होता. मी ओट्यावरून उतरेपर्यंत ते शेजारणीच्या मॅटवर आडवे झाले होते. सुदैवानं आधी गुडघे गेले, डोकं नंतर.

मोजून सांगते, शुद्ध हरपली ती अर्धा मिनिटही नसेल. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या हातांना घाम होता तो हीटरचा नव्हता.

दोघांनी धरून त्यांना लॉबीत आणलं. पाठीवर झोपवलं, पाय बाकावर, मानेला ओला टॉवेल. मालकीणबाई 911 ला फोन लावत होत्या. मला एकच गोष्ट आधी हवी होती: डोकं ठिकाणावर आहे का. गरमीत उभ्याउभ्या चक्कर येऊन पडणं वेगळं आणि उष्माघात वेगळा. उष्माघातात माणूस बरळतो, वेळ-जागा चुकतो, आतलं तापमान 40 च्या पुढे गेलेलं असतं, आणि तिथे अँब्युलन्सची वाट न बघता आधी थंड पाण्यात घालायचं असतं. आज कोणता वार, हे विचारून उपयोग नव्हता, सुट्टीवरून आलेल्या माणसाला तो तसाही माहीत नसतो. मी म्हटलं, "काका, तुमच्या रूटचे थांबे सांगा." काका हा शब्द माझ्या तोंडून मराठीतच निघाला. त्यांनी डोळे मिटूनच सांगायला सुरुवात केली. एकामागून एक, अकरा थांबे, आणि बाराव्याला थांबून म्हणाले, "इथे आता रस्ता खोदलाय, वळसा घालावा लागतो."

मी खाली फरशीवरच बसले.

पॅरामेडिक आले. पडल्यापडल्या रक्तदाब बरा होता, उठवून बसवल्यावर वरचा आकडा 90 च्या खाली. ईसीजी काढला, तो स्वच्छ. त्यांनी विचारलं, औषधं काही? काका म्हणाले, दोन आठवड्यांपूर्वी मुलीकडच्या डॉक्टरनं रक्तदाबाची नवी गोळी दिली. लघवी वाढवणारी. आमच्या फॉर्मवर औषधांचा रकाना आहे. तो सप्टेंबरात भरलेला होता, 'काही नाही'. मी दारात मिठी मारली, विचारलं काहीच नाही.

म्हणजे हंडा दोन्हीकडून रिकामा झाला होता. सरावानं वाढलेलं रक्तातलं पाणी चार आठवड्यांत ओसरलेलं, त्यात गोळीनं आणखी काढलेलं. वाकून उठल्यावर पाय आणि कातडी यांनी आपला वाटा घेतला आणि डोक्याच्या वाट्याला उरलं नाही. त्यांच्या मांड्यांना, कमरेला, तोलाला सगळं आठवत होतं. आसन तर सुंदरच झालं होतं. तेच फसवं. लवचिकपणा सावकाश जातो, गरमीचा सराव आधी निघून जातो, आणि आरशात दिसतो तो फक्त लवचिकपणा.

त्या रात्री मी जुनी टिपणं काढली. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल, दमट खाणींत कामगारांना उतरवण्याआधी गरम खोलीत रोज काही तास पायरीवर चढ-उतार करायला लावत. सुट्टीवरून परतलेल्यांनाही पुन्हा त्या खोलीतून जावं लागे, कितीही जुने असोत. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याची 'नायॉश' ही सरकारी संस्था तर आकडेच देते. उष्ण कामाला नव्या माणसाला पहिल्या दिवशी 20 टक्के काम, मग रोज 20 टक्के वाढवत न्यायचं. सुट्टीवरून परतलेल्या अनुभवी माणसाला पहिल्या दिवशी 50 टक्के, मग 60, 80, आणि चौथ्या दिवशी 100. हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. खाणकामगाराला लागू असलेलं गुलाबी मॅट घेऊन येणाऱ्यालाही लागू असतं, हे काही कुणी त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि मला सुचलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "जीव तर वाचला ना?" आणि मग, "मीठ घालून पन्हं दे त्याले." मी म्हटलं, अगं बीपीचा माणूस आहे तो. तर म्हणाली, "मंग बीपीच्या माणसाले भट्टीत कायले उभं केलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या खोलीत गोळी खाणारी माणसं किती, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आता दर महिन्याला मी तो रकाना नव्यानं भरून घेते. मालकीणबाईंना ते कटकटीचं वाटतं. असो.

एक राहिलं. अँब्युलन्समध्ये नेताना ओल्या कपड्यांत बाहेरच्या थंडीत नको, म्हणून पॅरामेडिकनं काकांचा शर्ट काढून त्यांना ब्लँकेटात गुंडाळलं. शर्ट बाकाखाली राहिला. मी तो रेडिएटरवर टाकला आणि दुपारी घडी करायला घेतला, तर पाठीवर रेघा. जाड, पांढऱ्या. पस्तीस मिनिटांच्या घामात अख्खं ग्रीनलंड परत आलं होतं.

तीन आठवड्यांनी काका आले. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली होती आणि लेखी परवानगी दिली होती, ती मी मागून घेतली. दाराजवळची मागची जागा दिली, निम्म्या वर्गानंतर बाहेर. ते नाराज. डेपोतला त्यांचाच चेला पहिल्या रांगेत होता. गोळी खाणाऱ्या माणसाला चार दिवसांचं कोष्टक लावायचं नाही, एवढं आता मला कळलं होतं. मी दोन आठवडे घेतले. नवव्या दिवशी वर्ग संपल्यावर ते लॉबीत थांबून राहिले, शर्ट वाळेपर्यंत. मग माझ्यासमोर धरला. कॉलरखाली बोटभर रेघ तेवढी होती.

"आता पुढच्या रांगेत?"

मी शर्ट उजेडाकडे धरून बघितला.

"अजून चार दिवस," मी म्हटलं.