आधी जाऊन बघून यावं का?

‘मॅडम, प्रवेश घ्यायच्या आधी एकदा जपानला जाऊन विद्यापीठ बघून यावं का?’ मी पुण्यात जपानी शिकवते. हा प्रश्न मला विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या आईवडिलांकडूनच जास्त येतो. नाशिकहून पुण्याला पाठवतानाही आपण हॉस्टेल बघून येतो, मग इतक्या लांब न बघता कसं पाठवायचं? काळजी रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मूल बारावीनंतर पदवीसाठी जाणार असेल, तर माझं उत्तर ‘नका जाऊ’ असं आहे. विद्यापीठांचे ‘ओपन कॅम्पस’, म्हणजे येऊ पाहणाऱ्यांना विद्यापीठ दाखवायचे दिवस, बहुतेक जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात असतात. ते तिथल्या शाळकरी मुलांसाठी, आणि बरेचसे जपानीतच. इमारती, ग्रंथालय, हसतमुख स्वयंसेवक बघून परत यायचं, एवढंच हाती लागतं. राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाण फी वर्षाला 5,35,800 येन आणि प्रवेशशुल्क वेगळं 2,82,000 येन. विमानाचे पैसे तिकडे वळवलेले बरे.

मास्टर्स किंवा पीएचडी असेल तर मात्र, परवडत असल्यास, जरूर जावं. तिथे तुम्ही विद्यापीठात जाता हे नावापुरतं. खरं तर एका लॅबमध्ये जाता. एक सेन्सेई, म्हणजे लॅबचे प्रमुख प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली एखाद-दुसरे प्राध्यापक, पीएचडी-मास्टर्सची मुलं आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं, असं ते कुटुंब असतं. निदान विज्ञान-अभियांत्रिकीत तरी प्रत्येकाला तिथे टेबल मिळतं, दिवसाचे बहुतेक तास तिथेच जातात आणि आठवड्याला एकदा ‘झेमी’, म्हणजे सगळ्यांसमोर आपलं काम मांडायची बैठक. आपल्याकडची बरीच मुलं आधी ‘केन्क्यूसेई’, म्हणजे पदवीला नाव न नोंदवता लॅबमध्ये काम करणारे संशोधन-विद्यार्थी, म्हणून जातात आणि तिथे राहून प्रवेशपरीक्षा देतात. त्यासाठीही आधी सेन्सेईंचा होकार लागतो. म्हणजे बघायची ती ही लॅब.

त्याआधी पत्ता नीट वाचा. तोक्यो विद्यापीठ म्हटलं की सगळ्यांना त्याच्या होंगो इथल्या मुख्य कॅम्पसचं लाल दार आठवतं. शोगुनची, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याची, मुलगी माएदा या सरदार घराण्यात सून म्हणून आली तेव्हा, 1827 मध्ये, ते बांधलं. फोटो छान येतो. पण पदवीची पहिली दोन वर्षं कोमाबाच्या वेगळ्या कॅम्पसवर जातात आणि संशोधनाचे काही विभाग थेट चिबा प्रांतातल्या काशिवाला आहेत. क्योतो विद्यापीठाचं घड्याळाचं टॉवर योशिदाला, पण अभियांत्रिकीचे बरेच विभाग शहराच्या पश्चिम टोकाला कात्सुराच्या टेकडीवर. हिरोशिमा विद्यापीठाचा मुख्य कॅम्पस तर हिरोशिमा शहरात नाहीच. तो हिगाशी-हिरोशिमात आहे. हिरोशिमा शहरातलं, अणुबॉम्बच्या स्मृतीचं शांतता उद्यान बघून ‘आपली मुलगी इथे राहणार’ म्हणत डोळे पुसणाऱ्या एक काकू मला माहीत आहेत. मुलगी राहते साइजोजवळ, साके बनवणाऱ्यांच्या गावाशी.

जायचं ते सत्र चालू असताना आणि सुट्टी नसलेल्या दिवशी. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत गोल्डन वीकच्या सुट्ट्या. ऑगस्टमध्ये एकीकडे मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षा, दुसरीकडे ओबोन, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्ट्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रबंधांची धावपळ आणि 25 फेब्रुवारीपासून राष्ट्रीय विद्यापीठांच्या पदवीच्या प्रवेशपरीक्षा. तेव्हा कोणाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. मेअखेर ते जून किंवा ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. नोव्हेंबरमध्ये बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांचे महोत्सव असतात. ते जरूर बघा, पण त्यावरून मत बनवू नका. लग्नाच्या मांडवात बसून सासर कसं असेल ते ठरवण्यातला प्रकार होईल.

सेन्सेईंना दोन-तीन महिने आधी ईमेल करा. सोबत संशोधनाचा आराखडा जोडा, अर्धा तास मागा आणि झेमीला मागे बसता येईल का ते विचारा. भेटीला जाताना चिक्कीचा एखादा डबा पुरे. चांदीची समई नेऊ नका, घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. आणि आईवडिलांनी सेन्सेईंच्या खोलीत जायचं नाही. हे मी जरा कडकपणे सांगते, कारण एरवी सगळे प्रश्न बाबाच विचारतात.

लॅबच्या दारावर बहुतेक ठिकाणी एक फळा असतो: प्रत्येकाचं नाव आणि पुढे लोहचुंबक, तो ‘आहे’, ‘वर्गात’ किंवा ‘घरी गेला’ यांपैकी कुठेतरी चिकटवलेला. तो संध्याकाळी सातला बघा. किती जण अजून ‘आहे’मध्ये आहेत? परदेशी नावं किती? मी शिकायला जाण्याआधी अशा लॅब बघितल्या होत्या. एका ठिकाणी उपकरणं इतकी नवी की डोळे दिपले, पण झेमीत सेन्सेई सोडून कोणी तोंड उघडलं नाही. दुसरीकडे इमारत जुनी, हीटर कुरकुरणारा. तिथे चौथ्या वर्षाच्या एका मुलानं सेन्सेईंचा आकडा चुकल्याचं सांगितलं आणि सेन्सेई उठून फळ्यापाशी गेले, गणित पुन्हा केलं, ‘बरोबर आहे तुझं’ म्हणाले. मी ती जुनी इमारत निवडली. हे कुठल्याही संकेतस्थळावर लिहिलेलं नसतं.

दुपारी सेम्पाईंबरोबर, म्हणजे तिथल्या सीनियर मुलांबरोबर, जेवायला जा. सेन्सेई किती वेळा भेटतात, शनिवारी यावं लागतं का, पीएचडीला खरोखर किती वर्षं लागतात, हे तेच सांगतात. पीएचडी करायची असेल तर सेन्सेई निवृत्त कधी होणार हेही विचारा. बऱ्याच राष्ट्रीय विद्यापीठांत प्राध्यापक 65व्या वर्षी निवृत्त होतात आणि मग मधल्या वर्षातली मुलं दुसऱ्या लॅबमध्ये वाटली जातात. हा प्रश्न आपल्याकडे कोणीही विचारत नाही.

शाकाहाऱ्यांनी कॅन्टीन नीट बघावं. काही ठिकाणी हलाल पदार्थ वेगळे दाखवलेले असतात, पण भाज्यांच्या सूपमध्येही माशाचा अर्क असू शकतो. म्हणून वसतिगृहात स्वयंपाकघर आहे का, हे आधी विचारा. वसतिगृह बऱ्याचदा सहा महिने किंवा वर्षभरच मिळतं. नंतर बाहेर खोली घेताना अनामत, घरमालकाला द्यायची न परतणारी रक्कम आणि जामीनदार कंपनीचे पैसे असा एकदम खर्च येतो. तो आकडा सेम्पाईंकडून लिहून घ्या.

तोवर आईवडिलांनी काय करायचं? कॅम्पसवर फिरायचं. राष्ट्रीय विद्यापीठांची आवारं बहुधा उघडी असतात. आजूबाजूचे आजीआजोबा फिरायला येतात, फक्त इमारतींना कार्ड लागतं. ओसाकाच्या बाजूला असाल तर वाकायामातल्या कोयासानलाही जाऊन या. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, 2015 मध्ये उभारलेला.

जाणं जमणार नसेल तर झेमीला ऑनलाइन बसू देता का, असं विचारा. काही सेन्सेई हो म्हणतात. आणि जाणार असाल तर उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका. दोन आठवडे थांबा, एकदा नम्रपणे आठवण करा, तरीही काही आलं नाही तर दुसऱ्या लॅबला लिहा.